रुमालाखालचं इंग्रजी: पन्नास इडियम पाठ करू नका, एक प्रश्न विचारायला शिका



गेले दोन महिने एकच फर्माईश येतेय. "सर, बिझनेससाठी लागणारे पन्नास इंग्रजी इडियम्स, असा एक व्हिडिओ करा ना." आमच्या एडिटिंगवाल्या पोराचंही तेच म्हणणं. असे व्हिडिओ चालतात. दहा मिनिटांत पन्नास वाक्प्रचार, मागे म्युझिक, खाली अर्थ. बघणारा खूश, करणारा खूश.

मी तो व्हिडिओ करणार नाही. का नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. आणि मी इंग्रजीच्या विरोधात आहे म्हणून हे म्हणतोय असं कृपया समजू नका. मी स्वतः इंग्रजी माध्यमातून बीबीए केलंय, 'बिझनेस कम्युनिकेशन' नावाचा पेपर चांगल्या मार्कांनी काढलाय. त्या पेपराने मला जे शिकवलं नाही ते एका ऑर्डरने शिकवलं, आणि त्याची फी ७,२०० रुपये पडली.

झालं असं. दुकान सुरू करून जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते. आपलं पॅकेजिंगचं दुकान: खोकी, टेप, बबल रोल, मिठाईचे डबे. दिवाळीच्या आधी एका कंपनीच्या पर्चेसमधून फोन आला. १,२०० गिफ्ट बॉक्स हवेत, वर कंपनीचं नाव छापून. पलीकडचे गृहस्थ फटाफट इंग्रजीत बोलत होते. म्हणाले, "जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर."

बॉलपार्क? मला काही कळलं नाही. पण मी बीबीए ना! विचारायचं कसं? मला वाटलं, 'बेस्ट प्राइस' म्हणतात तसंच काहीतरी असणार. साध्या बॉक्सचा हिशोब डोक्यात धरला, छपाई विसरलो, आणि म्हणालो, "थर्टी एट." वर शहाणपणा म्हणजे लगेच मेल टाकला: अवर फायनल बॉलपार्क प्राइस इज रुपीज थर्टी एट.

'बॉलपार्क' म्हणजे अमेरिकेत बेसबॉलचं मैदान. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, अंदाजे. त्या माणसाला फक्त बजेटमध्ये टाकायला एक अंदाज हवा होता. मी त्याच्यापुढे 'फायनल' लिहून स्वतःचे हात बांधून घेतले. छपाई धरून बॉक्स मलाच ४४ रुपयांना पडला. शब्द दिला होता, माल दिला. प्रत्येक बॉक्समागे पदरचे ६ रुपये, गुणिले १,२००. दिवाळीत दुकानात लक्ष्मीपूजन केलं तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर नाचत होता.

यात त्या कंपनीची काही चूक नव्हती. फसवलं मला कोणी नाही. "अंदाजे सांगू की पक्कं कोटेशन देऊ?" एवढं एक वाक्य मी मराठीत विचारलं असतं तरी ते गृहस्थ नीट उत्तर देणार होते. नंतर कळलं, ते आपल्या सिन्नरचेच होते!

हत्ता पद्धत आठवते का?

तुमच्या आजोबांना विचारा. पूर्वी बाजारात दलाल आणि व्यापारी एकमेकांचे हात रुमालाखाली घ्यायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. त्याला 'हत्ता' म्हणायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मालाचा भाव ठरतोय, आणि त्याला काही कळत नाही. पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. आज लासलगावला कांद्याचा लिलाव बघा, बोली सगळ्यांना ऐकू येईल अशी होते. शेतकऱ्याला भाव परवडतो की नाही हा वेगळा विषय, त्यावर भांडणं होतात, व्हायलाही हवीत. पण निदान आकडा कानावर पडतो.

आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांच्या बाबतीत इंग्रजी वाक्प्रचार हा तोच रुमाल झालाय. समोरचा मुद्दाम झाकतो असं नाही. त्याला ऑफिसात तसं बोलायची सवय असते. पण रुमालाखाली भाव ठरतो, मुदत ठरते, माल परत येणार की नाही ते ठरतं. आणि आपण मान हलवत उभे. "येस सर, शुअर सर."

माझ्या मागच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. ताई सिडकोत राहतात, घरगुती मसाले करतात. एका दुकानसाखळीने त्यांचा गोडा मसाला घ्यायचं ठरवलं. १०० ग्रॅमची ४०० पाकिटं, ६२ रुपये भाव. म्हणजे २४,८०० ची ऑर्डर. ताईंनी पेढे वाटले. कागदावर एका कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एसओआर बेसिस'. ताईंना वाटलं एचएसएन कोडसारखं काहीतरी असेल. सही केली.

एसओआर म्हणजे सेल ऑर रिटर्न. विकलं गेलं त्याचे पैसे, राहिलं ते परत. चार महिन्यांनी १३० पाकिटांचे ८,०६० रुपये आले आणि २७० पाकिटं परत आली. मसाल्याची मुदत सहा महिने. दोन महिन्यांत २७० पाकिटं खपवायची कुठे? १६,७४० रुपयांचा माल नातेवाइकांत वाटून संपला.

आता गंमत बघा. ही पद्धत आपल्याला नवी आहे का? अजिबात नाही. सराफ बाजारात याला 'जांगड' म्हणतात. दागिना जांगडवर न्यायचा, पसंत पडला तर पैसे, नाही तर परत. ताईंचे सासरे आयुष्यभर सराफाच्या पेढीवर नोकरीला होते. ताई मला म्हणाल्या, "सर, त्यांनी नुसतं 'जांगडवर देता का' असं विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, महिनाभर ठेवा, नंतर नाही." म्हणजे अक्कल होती, अनुभव घरात होता. फक्त शब्द बदलला आणि अक्कल बाहेर उभी राहिली.

बरं, कायदाही ताईंच्या बाजूने बोलू शकला असता. १९३० चा माल विक्री कायदा आहे, त्याचं कलम २४ याच व्यवहाराबद्दल आहे. वेगळं काही ठरलं नसेल, परतीची तारीख ठरलेली असेल आणि त्या तारखेपर्यंत समोरच्याने माल नाकारल्याचं कळवलं नाही, तर माल त्याने घेतला असं धरतात. म्हणून कागदावर एक ओळ वाढवायची होती: 'न विकलेला माल ३० दिवसांच्या आत परत करावा.' एवढंच. पण त्यासाठी आधी 'एसओआर म्हणजे काय हो?' हे विचारावं लागतं.

विचारायची लाज का वाटते?

माझं स्पष्ट मत आहे. आपली अडचण इंग्रजी येत नाही ही नाही. इंग्रजी येत नाही हे समोरच्याला कळेल, ही भीती आपली खरी अडचण आहे. आणि ही भीती इडियमचे व्हिडिओ बघून जात नाही, वाढते. पन्नास पाठ केले की एक्कावन्नावा समोर येतो.

जरा इतिहास बघा. मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने मराठी-इंग्रजी शब्दकोश केला, १८३१ साली छापला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे दोघे भाऊ त्यात सोबत होते. आपल्याकडच्या शास्त्री-पंडितांना हाताशी धरून हे काम झालं. आपले वाक्प्रचार, म्हणी, बाजारातले शब्द, सगळं त्यात आहे. राज्य त्यांचं होतं, तरी आपली भाषा शिकताना 'याचा अर्थ काय' असं विचारायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि आपण, स्वतःचा माल विकताना, स्वतःच्या पैशाबद्दल विचारायला लाजतो.

आणखी एक. ज्यांची मायबोली इंग्रजी, तेही एकमेकांचं इंग्रजी चुकवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिल यांनी एक प्रसंग दिलाय. ब्रिटिश अधिकारी एक कागद 'टेबल' करू म्हणाले. त्यांच्याकडे याचा अर्थ, लगेच चर्चेला घेऊ. अमेरिकनांकडे 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूला ठेवणे! दोघांनाही विषय तातडीने घ्यायचा होता आणि तरी मोठा वाद झाला. दोन देशांचे सेनापती जिथे गोंधळतात, तिथे तुम्ही-आम्ही गोंधळलो तर त्यात लाज कसली?

आपलंही एक इंग्रजी आहे बरं का. 'प्रीपोन' हा आपला शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. पण 'आय पास्ड आउट इन २०१२' असं परदेशी गिऱ्हाइकाला लिहिलंत, तर त्याला वाटेल तुम्हाला चक्कर आली होती. 'रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर देणे, बाहेर मुख्यतः पूर्वस्थितीला जाणे. म्हणजे बाहेरचा माणूसही आपल्याला 'म्हणजे काय?' विचारतोच. आणि तो बिनधास्त विचारतो.

पण सर, थोडं तरी शिकायला नको का?

हवं. मी म्हणतो, ज्या शब्दात पैसा आहे तेवढा शिका. पाऊस पडताना कुत्री-मांजरं पडतात हे माहीत नसलं तरी तुमचं दुकान बुडणार नाही. खालचे शब्द मात्र माहीत हवेत.

बॉलपार्क फिगर: ढोबळ आकडा. उत्तर देताना 'अंदाजे' हा शब्द जोडा आणि 'पक्कं कोटेशन उद्या लेखी देतो' म्हणा.

अपफ्रंट: आधी, आगाऊ. 'हाफ अपफ्रंट' म्हणजे निम्मे पैसे काम सुरू करायच्या आधी. हे वाक्य समोरच्याकडून ऐकायची वाट बघू नका, तुम्हीच म्हणा.

नेट थर्टी, नेट नाइन्टी: बिलानंतर ३० किंवा ९० दिवसांनी पैसे. इथे थांबा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, किंवा सेवा देत असाल, आणि उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. माझ्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा फायदा मिळत नाही, त्यामुळे मी तोंडीच खमका राहतो.

ब्रेक इव्हन: ना नफा ना तोटा. काही तुटत नाही यात.

इन द रेड: तोट्यात. जुन्या वह्यांत तोटा लाल शाईने लिहायचे त्यावरून. 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात. काळा पैसा नव्हे!

फाइन प्रिंट: कराराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते. मोबाइलने फोटो काढा, मोठा करा, वाचा. कळलं नाही तर सही उद्या.

कट कॉर्नर्स: यावर माझाच किस्सा. मला वाटायचं याचा अर्थ काटकसर. पहिल्या पत्रकात मोठ्या अक्षरात छापलं होतं की आम्ही कॉर्नर्स कट करतो म्हणून स्वस्त देतो. खरा अर्थ, कामात चालढकल करून दर्जा मारणे. खोके विकणारा माणूस 'आम्ही कोपरे कापतो' असं छापून वाटत होता! ५०० पत्रकं रद्दीत गेली.

आणि शेवटचा गट सगळ्यात महत्त्वाचा. 'वी विल कीप यू पोस्टेड.' 'लेट्स टच बेस आफ्टर दिवाळी.' 'वी विल सर्कल बॅक.' हे ऐकून आपली नवी मंडळी खूश होतात, रोज मेल उघडून बघतात. अहो, काउंटरवर उभ्या असलेल्या बाईने "घरी विचारून येते" म्हटलं की तुम्हाला काय कळतं? "बाजूला ठेवा, संध्याकाळी नेतो" म्हणणारा माणूस संध्याकाळी येतो का? तेच ते. कधी येतोही, नाही असं नाही. पण त्याच्यासाठी माल अडवून ठेवू नका. तसंच 'पेमेंट इज इन द पाइपलाइन' म्हणजे "पैसे निघालेत हो". कुठून निघालेत आणि कधी पोचणार, तारीख विचारा.

आता स्वतःचं बिलबुक उघडा

दुसऱ्याचं इंग्रजी राहू द्या. आपल्याच बिलावर काय छापलंय, ते किती जणांना माहितीये? मी प्रत्येक बॅचमध्ये हा प्रयोग करतो. बिलबुकं बाहेर काढायला लावतो आणि तळाच्या तीन ओळींचा अर्थ विचारतो. वर्गात शांतता. छापखानेवाल्याने जुन्या बिलावरून उचललं, आपण पैसे दिले.

पहिली ओळ, 'ई अँड ओ ई'. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. बेरीज चुकली, काही लिहायचं राहिलं, तर दुरुस्तीचा हक्क राखून. आपल्या जुन्या बिलांवर हेच असायचं: 'चूकभूल देणे घेणे'. मला तर आपलंच जास्त आवडतं. त्यात देणंही आहे आणि घेणंही.

दुसरी, 'सब्जेक्ट टु नाशिक ज्युरिस्डिक्शन'. वाद झाला तर नाशिकच्या कोर्टात. दोन व्यापाऱ्यांत याला अर्थ आहे. पण ग्राहक पुण्याचा असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो त्याच्या राहत्या ठिकाणी तक्रार करू शकतो. तुमची ओळ त्याला अडवत नाही.

तिसरी, सगळ्यांची लाडकी. 'गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.' मंडळी, त्याच कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणजे जे वाक्य आपण ढाल म्हणून छापतो, तेच उद्या तक्रारीत आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलं जाऊ शकतं. मी माझ्या बिलावर आता मराठीत छापलंय: 'माल खराब निघाल्यास ३० दिवसांत बिलासह आणावा, बदलून मिळेल.' माल फार परत आला का? नाही. उलट ती ओळ वाचून लोक दोन मिनिटं जास्त थांबतात.

म्हणजे बघा, ज्या इंग्रजीला आपण घाबरतो तेच इंग्रजी आपण न वाचता आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात देतोय. त्याच्यासाठी रुमाल आपण धरलाय.

काही जण म्हणतील, "सर, तुम्हाला बोलायला काय जातं, मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये 'म्हणजे काय' विचारलं तर ऑर्डर जाईल." माझा अनुभव सांगतो. बॉलपार्कच्या प्रकारानंतर मी ठरवलं, न कळलेला एकही शब्द पुढे जाऊ द्यायचा नाही. सातपूर, अंबडच्या कितीतरी कंपन्यांत बसलो. विचारलं म्हणून एकही ऑर्डर गेलेली मला आठवत नाही. न विचारल्यामुळे गेलेले पैसे मात्र पैशापर्यंत आठवतात. खरं सांगू? दोनदा असं झालं की मी अर्थ विचारला आणि समोरच्यालाच तो सांगता येईना.

विचारायची पद्धत मात्र हवी. पडलेल्या चेहऱ्याने "मला इंग्रजी येत नाही" म्हणायचं नाही. वही उघडायची, पेन हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "सर, मी व्यवहार लिहून घेतो. म्हणजे माल कधी, पैसे कधी, आणि उरला तर कोणाचा?" हे तीन प्रश्न. यात एकही इडियम नाही आणि सगळे इडियम यात आले. मग संध्याकाळी तेच तीन मुद्दे मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकायचे. मराठीत टाकले तरी चालतात. व्यवहार भाषेत नसतो, तारखेत आणि आकड्यात असतो.

नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून नाशिककरांना फुकट मिळत नाहीत. आपले आपल्यालाच कमवावे लागतात. मग निदान समजून तरी कमवू.

या आठवड्याचं होमवर्क. एक, बिलबुकातल्या तळाच्या ओळी घरच्यांना मराठीत समजावून सांगा. जी सांगता येणार नाही ती खोडा किंवा बदला. दोन, पुढच्या कुठल्याही फोनवर न कळलेला एक तरी शब्द तिथल्या तिथे विचारा. फक्त एक. जीभ जड होईल पहिल्यांदा. मसाल्यावाल्या ताईंचीही झाली होती. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका दुकानदाराने त्यांना काहीतरी इंग्रजी कलम दाखवलं. ताई म्हणाल्या, "दादा, हे जांगड आहे का रोख, तेवढं सांगा." तो हसला आणि म्हणाला, "रोख घ्या ताई."

भेटू पुढच्या व्हिडिओत. चूकभूल देणे घेणे.